अहवाल पहिल्या दिवसापासून लिहायचा असतो

या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पलीकडच्या विहिरीच्या पाण्यात मात्र चटकन शिजते, हे गावोगावच्या बायका अनुभवाने सांगतात. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, केस राठ होतात. अशा जड, म्हणजे शास्त्राच्या भाषेत कठीण, पाण्याचा शास्त्रीय अभ्यास नववी-दहावीची मुले नक्की करू शकतात. विहिरी चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि लागणारे साहित्य शाळेच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळते. उत्साहही भरपूर असतो. गाडी अडते ती अहवालापाशी. महिनोन् महिने केलेली मेहनत शेवटच्या दोन रात्रींत कशीबशी कागदावर येते आणि वाचणाऱ्याला त्या मेहनतीचा पत्ताच लागत नाही.

मुलांचे असे अभ्यास मांडण्याचे देशातले एक मोठे व्यासपीठ म्हणजे राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने ती 1993 पासून देशभर भरते आहे. 10 ते 17 वर्षांची मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडतात, गटाने त्याचा अभ्यास करतात आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्यांवर तो सादर करतात. गटात किती जण असावेत, शब्दमर्यादा किती, हे नियम वेळोवेळी बदलतात. ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. अहवाल उभा करण्याची रीत मात्र बदलत नाही. जड पाण्याचाच प्रकल्प उदाहरणाला घेऊन ती टप्प्याटप्प्याने पाहू. गट चौघांचा आहे असे समजू. उदाहरणातले विहिरींचे आकडे समजुतीपुरते आहेत. मोजण्याची पद्धत आणि मानके खरी आहेत.

विषय पुरेसा नाही, प्रश्न हवा

"जलप्रदूषण" हा विषय झाला. "आमच्या गावातील पाणी" हाही विषयच. विषयावर माहिती गोळा करता येते, संशोधन करता येत नाही, कारण काय मोजायचे आणि कुठे थांबायचे हे विषय सांगत नाही. प्रश्न ते सांगतो. आपल्या गटाचा प्रश्न असा असू शकेल: "गावातील सहा विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर वेगळा असतो का?" या एका वाक्यात जागा ठरली, नमुने ठरले, काळ ठरला आणि मोजायची गोष्टही ठरली.

प्रश्न चांगला आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. त्याचे उत्तर "हो" आणि "नाही" अशा दोन्ही बाजूंनी येऊ शकते का? येत असेल तर प्रश्न खरा. "प्रदूषण वाईट असते का?" याला दुसरे उत्तरच नाही, म्हणून तो प्रश्न संशोधनाच्या कामाचा नाही.

प्रश्नाशेजारीच गृहीतक लिहावे, म्हणजे मोजण्यापूर्वी गटाला काय वाटते आणि का वाटते. "पावसाचे पाणी मुरल्याने विहिरीतले क्षार पातळ होतील आणि कठीणपणा कमी होईल, असे आम्हाला वाटते." हे वाक्य तारखेसह आधीच लिहून ठेवायचे आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. निकाल उलटा आला तर गृहीतक बदलून "आम्हाला हेच अपेक्षित होते" असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळणे हा प्रामाणिकपणाचा पहिला धडा.

नोंदवही हाच अहवालाचा पाया

अहवाल शेवटी लिहायची गोष्ट नाही, असे मी आग्रहाने म्हणतो ते नोंदवहीमुळे. पहिल्या बैठकीपासून बांधणीची एक वही ठेवावी. सुटे कागद नकोत. पानांना क्रमांक घालावेत आणि पेनानेच लिहावे. चूक झाली तर एका रेघेने खोडून शेजारी दुरुस्ती करावी, पान फाडू नये. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, ठिकाण आणि नोंद करणाऱ्याचे नाव हवे.

त्या वहीत कोरडे आकडेच असावेत असे नाही. "विहीर क्र. 4: पाणी गढूळ. काल रात्री पाऊस. शेजारच्या शेतात खत टाकलेले दिसले." मे महिन्यात क्षुल्लक वाटलेली अशी ओळ ऑक्टोबरमध्ये सगळ्या कोड्याची किल्ली ठरू शकते. आठवणीवर विसंबून ती पाच महिन्यांनी लिहिता येत नाही. बाल विज्ञान परिषदेत परीक्षक प्रकल्पासोबत नोंदवहीही मागतात. मुलांनी काम खरोखर केले आहे की नाही, हे छापील अहवालापेक्षा त्या मळक्या पानांवरून लवकर कळते.

चौघांत काम कसे वाटायचे

गटाची नेहमीची वाटणी अशी दिसते: एक जण प्रयोग करणार, एक चित्रे काढणार, एक लिहिणार आणि चौथा बोलणार. मग लिहिणाऱ्याने प्रयोग पाहिलेला नसतो आणि बोलणाऱ्याने आकडे समजून घेतलेले नसतात. परीक्षकाचा दुसराच प्रश्न गटाला गप्प करतो.

त्यापेक्षा प्रत्येक काम सगळ्यांनी निदान एकदा करावे आणि प्रत्येक कामाची जबाबदारी एकेकाकडे असावी. एक जण नमुन्यांचा जबाबदार: बाटल्या, चिठ्ठ्या, वेळा. दुसरा मोजमापाचा. तिसरी व्यक्ती तक्ते आणि आलेख सांभाळेल. चौथी अहवालाची संपादक. संपादकाने सगळे एकट्याने लिहायचे नाही; इतरांचे लिखाण गोळा करून त्याला एक सूर द्यायचा. शिवाय आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून वही सगळ्यांनी मिळून वाचावी. एकाच्या डोळ्यातून सुटलेली चूक तिथे दुसऱ्याला दिसते.

आधी तक्ता, शेवटी सारांश

वाचताना अहवालाचा क्रम असा असतो: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उद्दिष्टे व गृहीतक, कार्यपद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष, संदर्भ, ऋणनिर्देश. लिहिण्याचा क्रम वेगळा ठेवला तर काम सोपे होते. कार्यपद्धती मोजणी चालू असतानाच लिहावी. मग तक्ते आणि आलेख करावेत, त्यांवरून निरीक्षणे लिहावीत, नंतर चर्चा आणि निष्कर्ष. प्रस्तावना त्यानंतर, कारण आपण नेमके कशाची ओळख करून देणार आहोत हे आता माहीत असते. सारांश आणि शीर्षक सर्वांत शेवटी.

कार्यपद्धती: दुसऱ्या गटाला तेच करता यावे

या भागाची परीक्षा एकच: शेजारच्या गावातल्या मुलांनी तो वाचून, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, तोच प्रयोग करता आला पाहिजे. "आम्ही पाण्याचे नमुने घेऊन तपासले" हे वाक्य त्या परीक्षेत नापास होते. पुढचा परिच्छेद पाहा.

"सहा विहिरींतून 10 मे रोजी सकाळी 7 ते 9 या वेळेत प्रत्येकी एक लिटर पाणी घेतले. प्लास्टिकची स्वच्छ बाटली आधी त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळली. बाटलीवर सांकेतिक क्रमांक घातला. त्याच दिवशी प्रत्येक नमुन्यातून 50 मिलिलिटर पाणी पिपेटने घेतले, त्यात अमोनिया बफर घालून सामू 10 च्या आसपास आणला आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा थोडा भाग टाकला. ब्युरेटमधून 0.01 मोलार ईडीटीए द्रावण थेंबाथेंबाने सोडले. लाल रंग जाऊन निळा रंग आला की थांबलो. प्रत्येक नमुन्याचे तीनदा मापन केले. हीच चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यावरही केली."

या परिच्छेदातल्या बारीकसारीक तपशिलांना अर्थ आहे, आणि तो मुलांना सांगता आला पाहिजे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन दर्शकाशी जोडलेले असतात तोवर रंग लाल राहतो. ईडीटीए ते सगळे आयन आपल्याकडे ओढून घेते तेव्हा दर्शक मोकळा होतो आणि निळा दिसतो. ऊर्ध्वपातित पाण्यात हे आयन जवळजवळ नसतात, म्हणून तिथे कठीणपणा शून्याच्या जवळ यायला हवा. तसा आला नाही, तर भांडी किंवा रसायने यांत काहीतरी गडबड आहे.

सांकेतिक क्रमांकाचे कारण तर फार महत्त्वाचे. रंग नेमका कधी बदलला, हे डोळ्याने ठरवावे लागते. "ही जड पाण्याची विहीर" असे आधीच माहीत असले, तर हात नकळत थोडा उशिरा थांबतो. मापन करणाऱ्याला विहिरीचे नाव ठाऊक नसेल, तर हा पूर्वग्रह टळतो. हे सगळे शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवेशीर खोलीत करावे, कारण अमोनियाची वाफ त्रासदायक असते. आणि विहिरीवर नमुना घ्यायला मोठे माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये. अहवालात सुरक्षिततेचीही एक ओळ असावी.

निरीक्षणे: आकडा, एकक आणि खरेपणा

विहीर क्र. 1 साठी तीन मापनांत ईडीटीए लागले 12.4, 12.5 आणि 12.3 मिलिलिटर. सरासरी 12.4. या तीव्रतेच्या 1 मिलिलिटर ईडीटीएला जितके आयन लागतात, ते 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचे असतात. म्हणून 12.4 ला 1000 ने गुणून 50 ने भागायचे: कठीणपणा दर लिटरला 248 मिलिग्रॅम. अहवालात असा एक नमुना हिशेब पूर्ण मांडावा. बाकीचे आकडे तक्त्यात.

कॅल्क्युलेटर कधी कधी 247.3333 असे उत्तर देतो आणि ते तसेच तक्त्यात उतरते. ब्युरेटवरचा लहानात लहान भाग 0.1 मिलिलिटरचा असेल, तर त्या एका भागाने उत्तरात दर लिटरला 2 मिलिग्रॅमचा फरक पडतो. मग दशांशानंतरच्या चार आकड्यांना काहीच आधार उरत नाही. उपकरणाला जेवढे दिसते तेवढेच लिहावे.

तक्त्यात विहिरींचे क्रमांक उभे, मे आणि ऑक्टोबर आडवे आणि शीर्षकातच एकक. तिन्ही मापने परिशिष्टात द्यावीत, मुख्य तक्त्यात सरासरी आणि सर्वांत लहान-मोठे मूल्य. आलेख एकच पण नेमका काढावा: प्रत्येक विहिरीसाठी मे आणि ऑक्टोबरचे दोन स्तंभ शेजारी शेजारी. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्याच्या कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. 200 ची रेषा आलेखावर आडवी काढली, की वाचणाऱ्याला एका नजरेत चित्र कळते.

या भागात "कारण", "म्हणून" हे शब्द येऊ देऊ नयेत. "सहापैकी चार विहिरींत कठीणपणा कमी झाला, एकीत फरक पडला नाही, विहीर क्र. 4 मध्ये तो 310 वरून 336 झाला." एवढेच. काय दिसले ते इथे, आपल्याला काय वाटते ते पुढच्या भागात. ही सीमा पाळली की वाचणारा आपल्या अर्थाशी असहमत होऊनही आपले आकडे वापरू शकतो.

चर्चा: स्वतःच्याच उत्तराची उलटतपासणी

अहवालातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत घाईत उरकला जाणारा भाग हा. इथे दर निरीक्षणाला "याचा दुसरा अर्थ निघू शकतो का?" असे विचारायचे असते.

अशा उलटतपासणीचे एक उत्तम उदाहरण पाहा. सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध शोध, म्हणजे रामन परिणाम, जगाला कळवला तो 'नेचर' या नियतकालिकातल्या एका छोट्या पत्राने. ते 31 मार्च 1928 च्या अंकात आले. पत्र मोजक्या परिच्छेदांचे आहे, पण त्यात काय काय बसवले आहे ते पाहण्यासारखे आहे. सुमारे साठ वेगवेगळे द्रव तपासले आणि प्रत्येकात हा परिणाम कमी-अधिक दिसला, हे त्यांनी सांगितले. वाचणाऱ्याच्या मनात येणारी शंकाही त्यांनी स्वतःच घेतली: द्रवातून विखुरलेला हा प्रकाश म्हणजे साधी प्रतिदीप्ती तर नव्हे? मग तसे का वाटत नाही याची दोन कारणे दिली. एक त्या प्रकाशाचा क्षीणपणा आणि दुसरे त्याचे ध्रुवण. 28 फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याच शोधाचा. मुलांनी त्या दिवशी भाषणाबरोबर ही मांडणीही शिकावी.

आपल्या गटाने हेच करायचे. चार विहिरींत कठीणपणा उतरला, याचे एक कारण पावसाच्या पाण्याने क्षार पातळ झाले, असे असू शकेल. पण ऑक्टोबरमध्ये वापरलेले ईडीटीए द्रावण मे महिन्यातल्या द्रावणाइतकेच तीव्र होते ना? तसे नसेल तर सगळाच फरक खोटा ठरेल. म्हणून दोन्ही वेळी माहीत असलेल्या कठीणपणाचे प्रमाणित द्रावण तपासून पाहिले का, हे सांगावे. विहीर क्र. 4 मध्ये कठीणपणा वाढला. पावसाचे पाणी मुरताना जमिनीतले क्षार सोबत घेऊन विहिरीत उतरते, हे एक शक्य कारण. नोंदवहीतली खताची ओळ इथे आठवते. मात्र आपण खताचे मापन केलेले नाही. म्हणून "खतामुळे वाढला" असे लिहिता येणार नाही; "खताशी संबंध असू शकतो, तो तपासण्यासाठी त्याच पाण्यातले नायट्रेट मोजावे लागेल" असे लिहिता येईल.

इथेच प्रस्तावनेसाठी वाचलेली माहिती कामाला येते. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा. त्या खडकातली खनिजे झिजतात तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भूजलात येते. डाळीच्या बाबतीत कॅल्शियम पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी बांधले जाते, म्हणून दाणा लवकर मऊ होत नाही. स्वयंपाकघरातला अनुभव आणि प्रयोगशाळेतला आकडा इथे एकमेकांना भेटतात.

गृहीतक पूर्ण खरे ठरले नाही, म्हणून गटाने खट्टू होण्याचे कारण नाही. एका विहिरीने वेगळे वागणे हीच या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. ती लपवली तर अहवाल गुळगुळीत होईल आणि निरुपयोगीही.

निष्कर्ष आणि त्याची हद्द

निष्कर्ष मापनाच्या हद्दीबाहेर जाऊ नये. सहा विहिरी, एक गाव, एक वर्ष. तेव्हा "पावसाळ्यानंतर पाण्याचा कठीणपणा कमी होतो" हे फार मोठे विधान झाले. "आम्ही तपासलेल्या सहापैकी चार विहिरींत या वर्षी पावसाळ्यानंतर कठीणपणा कमी आढळला" हे आपल्या हातातले. त्याखाली मर्यादा स्पष्ट द्याव्यात: ऋतूतून एकदाच नमुने घेतले, विहिरींची खोली मोजली नाही, कूपनलिका तपासल्या नाहीत. मर्यादा सांगितल्याने गुण कमी होतील ही भीती व्यर्थ आहे. जाणकार परीक्षकाला त्या तशाही दिसतातच. मुलांनाही त्या दिसल्या, हे पाहून त्याचा विश्वास वाढतो.

चौघांचे लिखाण, एकच आवाज

चार जणांनी लिहिलेले चार तुकडे जोडले, की एका पानावर "कठीणपणा", दुसऱ्यावर "काठिण्य", तिसऱ्यावर "हार्डनेस" दिसते. संपादकाने पहिल्या आठवड्यातच शब्द, एकके आणि विहिरींचे क्रमांक ठरवून सर्वांना द्यावेत. पहिला मसुदा पूर्ण झाला की चौघांनी एकत्र बसून तो मोठ्याने वाचावा. जिथे वाचणारा अडखळतो तिथे वाक्य मोडावे. जिथे कोणी "हे आपण कुठे केले होते?" असे विचारतो, तिथे नोंदवही उघडावी. मतभेद झाला तर बहुमताने ठरवू नये, पुन्हा मोजावे. तेही शक्य नसेल तर दोन्ही मते चर्चेत लिहावीत.

सारांश दीडशे-दोनशे शब्दांत बसतो. त्यात प्रश्न, पद्धत, मुख्य आकडे आणि निष्कर्ष एवढेच असावे. "आम्ही खूप काही शिकलो" याला तिथे जागा नाही. पुस्तकातून किंवा इंटरनेटवरून घेतलेली माहिती आपल्या शब्दांत लिहून तिचा संदर्भ द्यावा. ऋणनिर्देशात कोणी नेमकी काय मदत केली ते सांगावे: बफर कोणी करून दिले, आलेख काढायला कोणी शिकवले. गटातल्या कोणी काय केले, याच्याही चार ओळी असाव्यात.

मार्गदर्शक शिक्षकांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती. मुलांची वाक्ये सजवू नका. प्रश्न विचारा, चूक दाखवा, आकडा पुन्हा मोजायला लावा. पेन मात्र त्यांच्याच हातात राहू द्या. मोठ्यांनी लिहिलेला सफाईदार अहवाल एखादे पारितोषिक मिळवूनही देईल, पण स्वतःचे निरीक्षण स्वतःच्या भाषेत नेमके मांडण्याची संधी मुलाकडून हिरावून घेईल.

आणि मुलांनो, अहवाल परीक्षकांकडे पोचला की काम संपले असे समजू नका. त्याची दोन पानांची मराठी प्रत करून ग्रामपंचायतीला द्या आणि ज्यांच्या विहिरीचे पाणी घेतले त्यांना त्यांचा आकडा सांगा. पुढच्या वर्षी शाळेतला नवा गट तुमचा अहवाल हातात घेऊन त्याच सहा विहिरींवर जाईल आणि तुमच्याच पद्धतीने पुन्हा मोजेल. त्यांना तुम्हाला काहीही विचारावे लागले नाही, तर तुमचा अहवाल उत्तम झाला.